प्रेक्षकाचा हात मैदानात आला, तर अंपायरने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे दोन वर्षं सॉफ्टबॉलचं अंपायरिंग करतात. एका मॅचमध्ये एक आऊट, थर्ड बेसवर (होमच्या आधीच्या शेवटच्या बेसवर) रनर. बॅटरने मारलेला चेंडू थर्ड बेसच्या बाजूला फाऊलमध्ये (फाऊल लाइनच्या बाहेर, जिथे झेल झाला तर बॅटर आऊट, नाहीतर ती पुन्हा खेळते) उंच उडाला. थर्ड बेसची फील्डर दोरीपर्यंत धावत गेली, ग्लव्ह वर केला, आणि दोरीला लागून उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाने स्वतःला वाचवायला हात पुढे केला. चेंडू त्याच्या हाताला लागून खाली पडला. अंपायरनी फाऊल दिला. पुढच्याच चेंडूवर त्या बॅटरने हिट मारला, रन झाला, आणि फील्डिंग करणाऱ्या संघाचे कोच प्रोटेस्ट (नियम चुकीचा लावल्याची अधिकृत हरकत) करायला आले. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: माझा निर्णय बरोबर होता का, प्रोटेस्ट टिकला असता का, आणि त्या प्रेक्षकाशी मी बोलायला हवं होतं का.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही, आणि पहिला निकाल तिच्यावरच अवलंबून आहे. तो हात दोरीच्या कुठल्या बाजूला होता?

डेड बॉलची, म्हणजे जिच्यापलीकडे चेंडू खेळाबाहेर जातो ती, जी हद्द तुम्ही आखली असेल (दोरी, चुन्याची रेघ, जाळी, काहीही), तिच्यावर एक उभी भिंत आहे असं समजा. भिंतीच्या आतली जागा फील्डरची. बाहेरची जागा प्रेक्षकाची. प्रेक्षकाने भिंतीतून हात आत आणला आणि झेल हुकला, तर तो इंटरफिअरन्स (खेळात अडथळा). फील्डरने भिंतीबाहेर ग्लव्ह नेला आणि तिथे कुणाचा हात, डोकं, छत्री मध्ये आली, तर इंटरफिअरन्स नाही. बाहेर ग्लव्ह नेण्याची जोखीम तिने स्वतः घेतलेली असते. म्हणजे तुमचा प्रेक्षक आपल्या बाजूला उभा राहून तोंडासमोर हात धरून होता आणि ग्लव्ह दोरीपलीकडे गेला होता, तर तुमचा फाऊल अगदी बरोबर. हात दोरीच्या अलीकडे आला होता आणि फील्डर तो चेंडू पकडणार होती, तर बॅटर आऊट द्यायला हवी होती. आणि रनरचाही विचार करायचा राहिला. त्याकडे मी पुढे येते.

‘स्वतःला वाचवायला’ हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत. माणूस म्हणून मला ते पटतं, पण निर्णयात त्याला जागा नाही. प्रेक्षक खोडसाळ होता, घाबरला होता की मदत करत होता, याने काही फरक पडत नाही. हात कुठे होता आणि त्यामुळे खेळात काय बिघडलं, एवढंच आपण बघतो. तो कुठल्या संघाचा समर्थक होता हेही विचारायचं नाही. ‘त्यांच्याच माणसाने केलं, मग शिक्षा त्यांना’ हा आग्रह कोच फार वेळा धरतात. आपण इथे कुणाला शिक्षा करत नसतो. मोडलेला खेळ जोडत असतो.

फक्त एक खात्री करून घ्या, की तो माणूस खरोखर प्रेक्षकच होता. डगआऊटमधून (संघाच्या बसायच्या जागेतून) बाहेर आलेली खेळाडू, ऑन-डेक बॅटर (पुढची बॅटर), बेसजवळचा कोच हे प्रेक्षक नव्हेत. बॅटिंग संघाच्या माणसाने झेलात अडथळा आणला तर तो त्या संघाचा इंटरफिअरन्स, त्याचे नियम वेगळे, आणि तिथे संघाला किंमत मोजावी लागते. मैदानांवर राखीव खेळाडू ट्रॅकसूट घालून प्रेक्षकांतच बसलेले असतात, म्हणून लाइन-अप कार्ड हातात आलं की राखीव खेळाडू कुठे बसल्या आहेत तेही बघून ठेवा.

आता उंच चेंडूबद्दल नीट बोलू, कारण वाद सगळ्यात जास्त तिथेच होतात.

बेसबॉलमधली तीन उदाहरणं मी शिकणाऱ्यांना नेहमी सांगते. खेळ वेगळा असला तरी भिंतीचा विचार तोच आहे. 1996 मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात डेरेक जीटरचा उंच फटका उजव्या बाजूच्या भिंतीकडे गेला. खाली टोनी टारास्को ग्लव्ह वर करून उभा होता. एका 12 वर्षांच्या मुलाने भिंतीवरून हात बाहेर काढून चेंडू आपल्याकडे ओढला, आणि अंपायर रिच गार्सिया यांनी होम रन दिला. सामना बरोबरीत आला आणि पुढे 11व्या इनिंगमध्ये जीटरच्या संघाने, यांकीजनी, जिंकला. चित्रण पाहिल्यावर गार्सिया यांनी अडथळा झाल्याचं मान्य केलं. 2003 मध्ये शिकागोत नेमकं उलटं घडलं. मोइझेस आलू फाऊल चेंडूसाठी भिंतीजवळ उडी मारून पोचला, एका प्रेक्षकाचा हात लागला, आलू भडकला, सगळं स्टेडियम त्या प्रेक्षकावर उलटलं. अंपायरनी इंटरफिअरन्स दिला नाही. चेंडू प्रेक्षकांच्या बाजूला गेलेला होता, त्यामुळे तो निर्णय बरोबर होता. फील्डरचा संताप हा पुरावा नसतो, हे त्या प्रसंगातून शिकावं.

तिसरं उदाहरण 2018 चं. ह्यूस्टनमध्ये होसे आल्टुवेचा फटका मुकी बेट्सने भिंतीवर उडी मारून पकडायचा प्रयत्न केला, आणि प्रेक्षकांच्या हातांत त्याचा ग्लव्ह अडकला. अंपायर जो वेस्ट यांनी प्रेक्षकांचा अडथळा दिला, आल्टुवे आऊट. चित्रण तपासलं गेलं, पण भिंतीच्या रेघेत बघणाऱ्या कॅमेऱ्यासमोर एक सुरक्षा कर्मचारी उभा होता. निर्णय बदलावा असा पुरावा मिळाला नाही आणि तो कायम राहिला. एवढे कॅमेरे असूनसुद्धा प्रश्न शेवटी एका कोनावर येऊन थांबला. आपल्याकडे कॅमेरे नसतात. आपण दोघंच असतो, आणि कोन आपल्या पायांनी मिळवावा लागतो.

तो कसा मिळवायचा? चेंडू हद्दीकडे जातोय हे कळताच फील्डरच्या मागे सरळ धावू नका. मागून बघितलं की हात दोरीच्या आत होता की बाहेर, हे कधीच कळत नाही, कारण अंतराचा अंदाज येत नाही. हद्दीच्या रेघेला जमेल तितकं समांतर या, म्हणजे ती उभी भिंत तुम्हाला कडेने दिसेल. फाऊलच्या बाजूचे असे चेंडू बहुतेक प्लेट अंपायरचे (होम प्लेटमागे उभ्या असलेल्याचे) असतात, आणि मास्क काढून लाइनच्या दिशेने चार-पाच पावलं टाकायला वेळ मिळतो. चेंडू हवेत असताना त्याच्याकडे बघत बसू नका. फील्डर बघा. चेंडू कुठे येणार हे तिचे डोळे सांगतात, आणि ग्लव्ह, हात, रेघ हे तिन्ही एकाच नजरेत येतात. झेल लागायच्या क्षणाला तुमचे पाय थांबलेले हवेत. धावता धावता घेतलेला निर्णय मी स्वतःचासुद्धा मानत नाही.

आणि रेघ स्वतः खेळात धरली जाते. फील्डरचा पाय रेघेवर असेल तर ती आतच आहे.

झेल ‘घेतला असता’ हे ठरवताना फार ताणू नका, फार कंजूषपणाही करू नका. ती चेंडूखाली पोचली होती का, ग्लव्ह योग्य जागी होता का, हे दिसलं पाहिजे. दोन पावलं लांब असलेल्या फील्डरच्या समोर प्रेक्षकाने चेंडू पकडला तर हात आत आला असला तरी आऊट देता येणार नाही, कारण झेल झालाच नसता. तिथे फाऊल तो फाऊलच.

आता रनर. चेंडू अडथळ्याच्या क्षणी मेला, म्हणून सगळ्यांना जागच्या जागी परत पाठवायचं, हा मोठा गैरसमज आहे. तुमच्या प्रसंगात एक आऊट होता आणि थर्डवर रनर होती. झेल झाला असता तर ती टॅग-अप करून (झेल होईपर्यंत बेस धरून, मग पळून) होमकडे निघाली असती का, आणि पोचली असती का? इन्फिल्डच्या (बेसच्या आसपासच्या आतल्या भागाच्या) कडेला, थर्ड बेसजवळ, चेंडूकडे तोंड करून उभी असलेली फील्डर असेल तर रनर हललीसुद्धा नसती. बॅटर आऊट, रनर थर्डवरच. पण हाच चेंडू लेफ्ट फील्डच्या कोपऱ्यात, जाळीजवळ, होमकडे पाठ करून धावणाऱ्या फील्डरकडे असता, तर मी बॅटर आऊट देऊन रन मोजला असता. कोच दोन्हीकडून आले असते. येऊ देत. दोन आऊट असते तर झेलाने तिसरा आऊट होतो, इनिंग संपते आणि प्रश्नच मिटतो.

मारलेला फेअर (फाऊल लाइनच्या आतला) चेंडू जमिनीवरून जाताना प्रेक्षकाने अडवला तर वाट तीच: चेंडू तिथेच डेड, आणि अडथळा आला नसता तर बॅटर-रनर आणि बाकीच्या रनर जिथे पोचल्या असत्या ते बेस द्यायचे. इथे दोन वेगळे नियम लोक एकत्र कालवतात. फेअर चेंडू टप्पा पडून आपोआप जाळीवरून किंवा जाळीखालून बाहेर गेला, तर पिचच्या वेळी (पिचरने चेंडू टाकला त्या वेळी) रनर जिथे होत्या तिथून सगळ्यांना दोन बेस. तिथे तुमच्या मताला वाव नाही. चेंडू मैदानात असताना प्रेक्षकाने उचलला, तर आकडा ठरलेला नाही, विचार करावा लागतो. फर्स्टवर रनर, चेंडू राइट फील्डच्या कोपऱ्यात घरंगळतोय, फील्डर अजून लांब. अशा वेळी बॅटरला सेकंड आणि फर्स्टवरच्या रनरला होम देणं पूर्ण न्याय्य असू शकतं. यांत्रिकपणे ‘सेकंड आणि थर्ड’ म्हणून मोकळे होऊ नका.

ओव्हरथ्रोचंही असंच आहे. थ्रो आपोआप बाहेर गेला तर थ्रो हातातून सुटला त्या क्षणी रनर जिथे होत्या तिथून दोन बेस. तो बाहेर जाण्याआधी प्रेक्षकाने आत वाकून उचलला, तर स्वतःला विचारा की तो थांबला असता की गेलाच असता. बाहेर जाणारच होता तर दोन बेस हेच उत्तर येतं. जाळीला लागून कॅचरच्या (होममागच्या फील्डरच्या) पायाशी परत येणार होता, तर रनरला कदाचित एकही बेस मिळणार नाही. खेळाबाहेरच्या माणसाने अडवलेल्या थ्रोचा विचार ‘ब्लॉक्ड बॉल’ या नावाखालीही येतो, म्हणून स्पर्धा ज्या नियमपुस्तकाखाली चालली आहे त्यातली ही दोन कलमं मॅचच्या आदल्या दिवशी शेजारी ठेवून वाचा.

बेस देताना माझा क्रम ठरलेला आहे. अडथळ्याच्या क्षणी प्रत्येक रनर कुठे होती? आऊट किती होते, म्हणजे ती मारल्याबरोबर धावत सुटली होती की थांबून बघत होती? चेंडूला सगळ्यात जवळची फील्डर किती लांब होती? आणि मग दोन वेगळे प्रश्न: तिने पुढचा बेस घ्यायचा प्रयत्न केला असता का, आणि केला असता तर पोचली असती का? सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर 60 फूट आहे. चांगली रनर ते तीन सेकंदांच्या आसपास पार करते. फील्डर चेंडूपर्यंत पोचून, वाकून, वळून थ्रो करेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. डोक्यात हे माप बसलं की अंदाज हवेतला राहत नाही.

आता माझी एक चूक सांगते. ती मला अजून टोचते. सेकंडवर रनर, राइट फील्डला सिंगल (एका बेसचा हिट), तिकडे जाळी नव्हती, लोक रेघेला लागून उभे. चेंडू फील्डरच्या बाजूने निसटून लोकांकडे गेला. एका मुलाने एक पाऊल आत येऊन तो पायाने अडवला आणि चांगल्या मनाने फील्डरकडे ढकलला. तिने उचलून होमवर थ्रो केला, रनर टॅग झाली (बेसवर पोचण्याआधी तिला चेंडू लावला गेला), आणि मी आऊट दिला. मुलाचा पाय मी पाहिला होता. पण खेळ इतका सलग चालला होता, थ्रो इतका सुरेख होता, की माझ्या तोंडून ‘डेड बॉल’ निघालाच नाही. त्या मुलाने चेंडूला हात लावला नसता तर रनर चालत होमला आली असती. बॅटिंग संघाच्या कोचनी शांतपणे विचारलं, तेव्हा मी चेंडू खेळात होता असं सांगून टाकलं. ते चूक होतं. प्रेक्षकाची मदत हाही अडथळाच असतो, आणि उलट तो लवकर दिसत नाही.

त्या दिवशी मला हेही माहीत नव्हतं की तेव्हासुद्धा दुरुस्ती शक्य होती. चेंडू अडथळ्याच्या क्षणी मरतो, अंपायरच्या आवाजाने नव्हे. त्यामुळे तुम्ही दोन-तीन सेकंद उशिरा हात वर केलात, किंवा खेळ संपल्यावर जोडीदाराशी बोलून मग जाहीर केलंत, तरी सगळं त्या क्षणाला मागे नेता येतं. नंतरचा थ्रो, टॅग, रन, सगळं पुसलं जातं. उलट प्रेक्षकाचा हात लागलाच नव्हता आणि तुम्ही घाईने ‘डेड बॉल’ ओरडलात, तर खेळाडू थांबतात आणि तो खेळ परत जोडता येत नाही. म्हणून खात्री झाली की लगेच दोन्ही हात वर आणि मोठा आवाज. खात्री नसेल तर खेळ चालू द्या, नजर मात्र हलवू नका. याला एकच अपवाद आहे, जीव. लहान मूल धावत आत आलं, रनर आणि कॅचर यांच्या मध्ये कुणी आलं, तर चेंडूचा विचारच करू नका, ताबडतोब थांबवा. एखादा रन इकडे-तिकडे झाला तरी चालेल.

थांबवल्यावर कोच येण्याआधी जोडीदाराला बाजूला घ्या. मी दोनच गोष्टी विचारते: ‘तुला हात कुठे दिसला?’ आणि ‘त्या क्षणी रनर कुठे होत्या?’ आपण चेंडूकडे बघत असतो तेव्हा रनर बेस अंपायरने डोक्यात ठेवलेल्या असायला हव्यात, हे मॅचआधीच ठरवून घ्या. मग एकाने जाहीर करायचं, रनरना बोट दाखवून त्यांच्या बेसवर उभं करायचं, स्कोअररला सांगायचं. रनरनी दिलेल्या बेसकडे जाताना मधले बेस स्पर्श करूनच जायचं असतं, तेही बघा.

तुमचा दुसरा प्रश्न प्रोटेस्टचा. पुढचा पिच पडला की त्या निर्णयावर प्रोटेस्ट करायची वेळ गेली. तुमच्याकडे कोच हिटनंतर आले, म्हणजे उशीर झाला होता. पण समजा ते वेळेत आले असते. ‘हात दोरीच्या बाहेर होता’ हे तुमचं मत आहे, आणि मतावर प्रोटेस्ट होत नाही. मात्र तुम्ही त्यांना ‘हात आत आला होता, ती पकडणार होती, पण फाऊल चेंडू आहे म्हणून फाऊलच’ असं म्हणाला असतात, तर तो नियम चुकीचा लावणं झालं, आणि प्रोटेस्ट टिकला असता. तसंच ‘प्रेक्षकाचा हात लागला म्हणून दोन बेस’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. ‘अडथळा नसता तर ती सेकंडवर पोचली असती, असं माझं मत आहे’ हे म्हणा. निर्णय तोच असेल, पण पहिल्या वाक्याला नियमाचा आधार नाही, दुसऱ्याला आहे. आणि समजावून एकदाच सांगायचं.

प्रेक्षकांच्या आरडाओरड्याबद्दल थोडक्यात. ओरडणं, नावं घेणं, ‘सोड, सोड’ म्हणणं हा इंटरफिअरन्स नव्हे, खेळ चालू राहतो. कुणी अंपायरच्या थाटात ‘फाऊल!’ ओरडत असेल, किंवा आरशाचा झोत बॅटरच्या डोळ्यांत टाकत असेल, तर चालू खेळ संपला की टाइम घ्या आणि आयोजकांकडून ते बंद करून घ्या.

यातलं बरंच काही मॅच सुरू व्हायच्या आधीच टाळता येतं, आणि तुमच्या बाबतीत खरी उणीव मला तिथेच दिसते. प्रेक्षक दोरीला लागून उभा होता, हे तुम्ही पहिल्या इनिंगमध्ये पाहिलं असणार. नियमपुस्तकं फाऊल लाइनच्या बाहेर आणि बॅकस्टॉपपर्यंत (होम प्लेटमागच्या जाळीपर्यंत) 25 ते 30 फूट मोकळी जागा सांगतात. तेवढी नसेल तर आहे त्या जागेत हद्द ठळक करा. दोरी असेल तर दोरीखाली चुन्याची रेघ मारून घ्या, कारण लोक टेकले की दोरी फूटभर आत येते, आणि मग भिंत नक्की कुठे होती यावर वाद होतो. ग्राउंड रूल्ससाठी (त्या मैदानापुरते नियम ठरवायला) दोन्ही कोच येतील तेव्हा होम प्लेटजवळ उभं राहून हात दाखवत बोलू नका. त्यांना घेऊन हद्दीजवळून चाला. झाड, खांब, खुर्च्या, फोटो काढणारे कुठे उभे राहणार, जाळीत भोक कुठे आहे, हे सगळं तिघांनी एकत्र बघितलं की नंतर कुणाला अनभिज्ञ राहता येत नाही. लोकांना रेघेपासून चार पावलं मागे घ्यायला आयोजकांना सांगा, आणि प्रत्येक इनिंगनंतर एकदा तिकडे नजर टाका. उन्हाच्या वेळी लोक सावलीबरोबर सरकत आत येतात.

तुमचा तिसरा प्रश्न. नाही, त्या प्रेक्षकाशी तुम्ही बोलायचं नव्हतं. अंपायर प्रेक्षकाकडे गेला की तो माणूस सगळ्यांच्या नजरेत येतो, आणि 2003 च्या त्या सामन्यानंतर एका साध्या प्रेक्षकाची काय अवस्था झाली ते जगाने पाहिलं. टाइम घ्या, आयोजकांपैकी जबाबदार माणसाला बोलवा, काय घडलं आणि काय हवंय ते त्यांना सांगा, आणि लोक मागे जाईपर्यंत खेळ सुरू करू नका. मुद्दाम केलेला प्रकार असेल तर त्या व्यक्तीला बाहेर न्यायला सांगा, पण तेही आयोजकांच्या हातून. संध्याकाळी अहवालात इनिंग, आऊट, रनर कुठे होत्या, हात हद्दीच्या कुठल्या बाजूला होता आणि तुम्ही काय दिलंत, हे पाच ओळींत लिहा. प्रेक्षकाचं नाव किंवा वर्णन त्यात लागत नाही.